एक इस्पिकवर तीन किलवर

बितुंग,
शनिवार, जेवणानंतर

प्रिय फेमी,

केनारीच्या दाण्यांची बिस्किटं पोचली. या वेळी डबा बोटीवर कुणीतरी उघडून पुन्हा बांधला होता, दोरीची गाठ तुझी नव्हती. पण वरचा एक थर सोडला तर बाकी माल शाबूत निघाला, म्हणजे चोर तसा भला असावा. ओल्गाने उभ्या उभ्या तीन खाल्ली आणि म्हणाली, "तुझ्या त्या मैत्रिणीला कळव, साखर कमी केलीस ते बरं केलंस, आता सगळ्यांचीच वयं झालीत." इतकी वर्षं झाली, तुझं नाव ती घेत नाही. नाव ठाऊक नाही असं दाखवते आणि ते खरं मानल्याचं मी दाखवतो. संसार असाच चालतो. हे पत्र त्याच बोटीवरच्या आचाऱ्याच्या हाती देतोय. टपालाने पाठवत नाही आणि फोनही करत नाही. फोनवर तू अर्धं ऐकून 'नाही' म्हणशील, आणि तुमच्या घराण्यात एकदा 'नाही' निघालं की ते परत आत घालायची सोय नाही. कागदाचं बरं असतं, त्याला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा बस, आणि शेवटपर्यंत वाच.

तुझे वडील माझे ब्रिजचे जोडीदार झालेत.

पाणी पिऊन घे. मी थांबतो.

ईस्टर झाल्यावरची गोष्ट. माझा जुना जोडीदार माक्स मुलाकडे सोरोंगला राहायला गेला, आणि मी क्लबात दर मंगळवारी नवरा मेलेल्या बाईसारखा कोपऱ्यात बसायला लागलो. कुणाचा जोडीदार आजारी पडला तर मला बोलावणं. अशात एका मंगळवारी तुझा भाऊ रॉय एका म्हाताऱ्याला हाताला धरून आत घेऊन आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हातात काठी, पण ती टेकवलेली नाही, नुसती धरलेली. मी चहाचा कप तोंडाशी तसाच धरून राहिलो. वेम कालालो. माणूस आक्रसलाय, फेमी, पण मान तशीच ताठ. पंचांनी आजोबांना विचारावं तसं विचारलं, "ओपा, कुणाबरोबर खेळणार?" म्हाताऱ्याने सगळ्या हॉलवर नजर फिरवली. क्लबातली तान्ते व्होनी पुढे झाली, तिला ठाऊक की हा माणूस एके काळी प्रांताकडून खेळलेला. ती म्हणाली, "ओपा, मी आहे की. माझ्या जोडीदाराला मी आजच सोडते, तसाही तो बैल आहे." बैल शेजारीच बसला होता, तोही हसला. ओपा म्हणाले, "मला बोलणारा नको. ऐकणारा हवा." आणि काठी उचलून माझ्याकडे दाखवली.

मीच का? त्या रात्रीपासून हा खिळा डोक्यात ठोकला गेलाय. मला ओळखलं म्हणून, की ओळखलं नाही म्हणून? तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी ते धक्क्यावर आले होते. मी उघड्या अंगाने बर्फाच्या लाद्या फोडत होतो, हाडं मोजता येतील असा. त्यांनी सगळ्या हमालांना विचारलं, जहाज कंपनीच्या कचेरीत तुझ्या रिकाम्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले, आणि मग माझ्यापाशी आले. "कालालोंची मुलगी कुठल्या बोटीत चढली?" मी मान वर न करता, कुठल्याही काकांना म्हणावं तसं म्हणालो, "माहीत नाही, ओम." तुला शब्द दिला होता की तू कुठे आहेस हे तुझ्या घरच्यांना माझ्या तोंडून कधी कळणार नाही. आजपर्यंत कळलेलं नाही. तुझ्या घरी सगळे तू बालिकपापानला आहेस असं धरून चालतात, आणि मी त्यांना धरून चालू देतो. हमालाचा मालक झालो, बर्फाचा कारखाना टाकला, पोट सुटलं, मिशा ठेवल्या. तेव्हाच्या त्या पोराचं माझ्यात काही उरलंय असं मला वाटत नव्हतं. पण म्हाताऱ्यांचे डोळे गेले तरी नजर जात नाही.

दुसरी शंका ओल्गाने काढली. मला केळी तळून देत होती, सुक्या माशाची चटणी वाटत होती, आणि पाठमोरीच म्हणाली, "तीस वर्षं ज्या म्हाताऱ्याने पत्त्यांना हात लावला नाही त्याला यंदाच बरी खुमखुमी आली. यंदा जिंकणारी जोडी कुठे जाणार आहे?" तिला उत्तर ठाऊक होतं. यंदाचा दोन प्रांतांचा सामना तेर्नातेला आहे. आणि तेर्नातेपासून तुझं लाबुहा किती, हे तुला मी सांगायला नको. मला ठसका लागला. ओल्गा एवढंच म्हणाली, "पाणी पी."

तिसरी मी स्वतः वेचून आणली, न्हाव्याच्या खुर्चीतून. दाढीला साबण लावून डोळे मिटले की लोकांना वाटतं कानही मिटले. रॉयचा मेव्हणा शेजारच्या खुर्चीत सांगत होता की सोन्दरची तुमची लवंगांची बाग जाकार्ताच्या एका पाहुण्याला बंगल्यांसाठी हवीय, व्यवहार सगळा ठरलाय, पण जमीन अख्ख्या घराण्याची, त्यामुळे प्रत्येक मुलाची सही लागते. "एक सही अडलीय," तो म्हणाला, "मेली म्हणावं तर दाखला नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही." डोळे मी उघडले नाहीत. आता जोड तू. बाग विकायचीय, सही तुझी हवीय, म्हातारा पत्त्यांच्या टेबलावर परत येतो, बक्षीस तेर्नाते, आणि जोडीदार म्हणून सगळा हॉल सोडून मला बोट दाखवतो. पाणी कुठेतरी मुरत होतं. मी ठरवलं की खेळायचं, गोड बोलायचं आणि एक पानही उघडं करायचं नाही.

पहिले काही मंगळवार तर हसण्यातच गेले. त्यांचं ब्रिज म्हणजे फणसासारखं, वरून काटे आणि आत कोणत्या साली पिकलं सांगता येत नाही. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सुरुवातीला दोन बदाम म्हटलं. आता हल्ली दोन बदाम म्हणजे काय, बदामाची सहा पानं आणि बाकी खिसा रिकामा, समोरच्यांच्या वाटेत टाकलेला दगड. माझ्याकडे काही नव्हतं, मी पास म्हटलं. ओपांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि माझ्या पासकडे असं पाहिलं की जणू मी चर्चमध्ये टोपी घालून शिरलोय. त्यांच्या काळात दोन बदाम म्हणजे आभाळाएवढा हात, जोडीदाराच्या बापालाही पास म्हणायची मुभा नाही. आठ हातांची बोली, त्यांनी अकरा केले. व्होनी पानं गोळा करत म्हणाली, "नोल्दी, ओपांनी हत्ती दिला आणि तू त्याला बकरीच्या दोरीने बांधलास." पुढच्या डावात मी चौकट उघडली, व्होनीने एक इस्पिक म्हटलं, ओपांनी डबल. आमच्या पिढीत त्याचा अर्थ, माझ्याकडे बदाम आहेत, तुझे असले तर बोल. माझे होते, मी बोललो. त्यांच्या पिढीत डबल म्हणजे डबल, या बाईला पाडतो, तू गप्प बस. त्यांच्याकडे बदामाचं एकच पान होतं. चार हातांनी आपटलो. ओपा शांतपणे म्हणाले, "न्योंग, मी तिच्या मानेवर पाय ठेवला होता. तू तो उचलून तिला बसायला खुर्ची दिलीस." साठीच्या माणसाला न्योंग, म्हणजे पोरा, म्हणणारं आता माझ्या ओळखीत कुणी उरलेलं नाही. खोटं कशाला सांगू, ऐकायला बरं वाटलं. लगेच स्वतःला बजावलं की बरं वाटावं म्हणूनच म्हणत असेल.

मग मी त्यांना आयर्मादिदीहून ट्रकमधून आणायला-सोडायला लागलो आणि वाटेत कॉफी पिता पिता आम्ही एकेक बोली ठरवत गेलो. काय सांगू, या वयात माणूस एवढ्या लवकर शिकतो यावरच माझा विश्वास बसेना. नवा डबल दोन आठवड्यांत पचवला. दोन बदाम, दोन इस्पिक, सगळं नव्या पद्धतीचं. एकदा सांगितलं की पुन्हा चूक नाही. "तुझं राज्य, तुझे कायदे," म्हणायचे. जूनपर्यंत आम्ही यादीत दुसरे. व्होनी बैलावर चिडायला लागली. आणि नेमक्या त्या वेळी, मी एक इस्पिक म्हटल्यावर, त्यांनी समोर बोलीचा पत्ता ठेवला, तीन किलवरचा.

तू आता हे वाचायची थांबली असशील. मीही तिथे तसाच थांबलो होतो.

ही बोली जगात आणखी कुणाची नाही. बाकीच्यांना तीन किलवर म्हणजे किलवरच, भरपूर आणि भक्कम. तुमच्या घरात त्याचा किलवरशी संबंध नव्हता. तुझ्या इस्पिकला माझी चार पानं आहेत, हात मोठा आहे, आता सांग, तुझ्याकडे एकच पान किंवा एकही पान नाही असा रंग कोणता? तू पंधरा वर्षांची असताना अंगणात लवंग वाळत घातली होती आणि चटईवर बसून तू आणि त्यांनी मिळून ही काढलीत, असं तूच सांगितलं होतंस. तुम्ही दोघं सोडून ती कुणी खेळलं नाही. म्हणजे, तिसरा एक होता. बर्फाच्या पेटीवर पोतं अंथरून, दुपारच्या सुट्टीत, वजनकाट्यावरच्या त्या दोघांना पकडून आणून तू मला ब्रिज शिकवलंस. आणि तिसऱ्या पावसाळ्यात कधीतरी म्हणालीस, "ही आमच्या घरातली आहे, तुला सांगते, बाहेर कुठे बोलायची नाही." मी लगेच समजलो, आणि तुला वाटलं मी हुशार आहे. हुशारी कसली, तुझ्याकडे बघत होतो म्हणून लक्षात राहिलं. पण माझी बोली तेव्हाही नेहमी उशिराच यायची, आणि हलीमची बोट वेळेवर आली, तू तिच्यात चढलीस.

तर तीन किलवर. व्होनीने विचारलं, "हे काय?" नियम तुला माहीत आहे, बोलीचा अर्थ बोलणाऱ्याने नाही, त्याच्या जोडीदाराने सांगायचा. मी म्हणालो, "आमचं यावर काही ठरलेलं नाही." ते खरंच होतं, आमचं दोघांचं काही ठरलेलं नव्हतं. मी किलवर समजल्याचं सोंग करून चार किलवर म्हटलं. ओपांनी बोली चार इस्पिकवर आणली आणि थांबले. बारा हात निघत होते. डाव संपल्यावर पानं पाकिटात सरकवताना हळूच म्हणाले, "न्योंग, तुझ्याकडे चौकटीचं एकच पान होतं." मी म्हणालो, "हो. मग?" "काही नाही." ट्रकमध्ये मी त्यांना मुद्दाम विचारलं, "ओपा, तीन किलवर म्हणजे आपलं किलवरच ना?" "किलवरच. दुसरं काय असणार?" आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. एक इस्पिक, तीन किलवर, हातात किलवरची दोन फुटकी पानं. सगळं नवं शिकलेला माणूस हीच एक बोली विसरतो? फेमी, तो विसरत नव्हता. तो दार ठोठावून बघत होता, आत कुणी आहे का. मी आत श्वास रोखून बसलो होतो.

ओल्गाला मी फक्त एवढंच म्हणालो की हा म्हातारा माझी परीक्षा घेतोय. ती म्हणाली, "मग नापास हो. तुला जमतं ते." मी खरंच तसं ठरवलं होतं. शेवटच्या सामन्याला हसत जायचं, दोन-तीन डाव पायरी चुकल्यासारखे घालवायचे, दुसरं नाहीतर तिसरं यायचं. तेर्नाते नाही, प्रश्न नाही. तुला दिलेला शब्द राखायचा त्याहून सोपा रस्ता नव्हता. पण पत्ते हातात आले की माझ्याने वाईट खेळवत नाही, हा रोग तूच लावलास. दुपारपर्यंत आम्ही आणि व्होनीची जोडी मानेला मान. शेवटचा डाव त्यांच्याशीच. मी पानं उचलली. इस्पिक सुंदर, किलवर छान, चौकट ठीक, आणि बदामाची फक्त तिर्री. एकटी. मनात म्हटलं, ओपा, आज नको. एक इस्पिक ठेवलं. बैल पास. ओपांनी विचारसुद्धा केला नाही. तीन किलवर.

व्होनीने बोलीच्या पेटीला हात लावला नाही. "हे काय, नोल्दी? आणि आमचं काही ठरलेलं नाही हे मला ऐकवू नकोस. एकदा होते ती चूक, दोनदा होतो तो विसरभोळेपणा. तिसऱ्यांदा होतं त्याला मी रीत म्हणते." आणि तिने पंचांना हाक मारली. पंच पोलिसातून निवृत्त झालेले, त्यांना कुणालाही उत्तर द्यायला लावायची सवय. म्हणाले, "ठरलं असो-नसो, या बोलीचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे का? असेल तर सांगा. नसेल तर नाही म्हणा." आसपासच्या टेबलांवरचे लोक माना वळवून बघायला लागले. ओपा माझ्याकडे बघत नव्हते. छताच्या पंख्याकडे बघत होते, पण त्यांची काठी, जी कधी टेकवत नाहीत, ती त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तुझ्यासाठी मी धक्क्यावर 'माहीत नाही' म्हणालो, तुमच्या पाद्र्याला म्हणालो, रॉयला तर माझ्याच अंगणात दोनदा म्हणालो, आणि त्याबद्दल मला कधी झोप आली नाही असं झालं नाही. पण पत्त्यांच्या टेबलावर, समोरच्याने नियमाने विचारलेल्या प्रश्नाला, मी कधी खोटं उत्तर दिलेलं नाही. पहिलं 'ठरलेलं नाही' खरं होतं. दुसरं मी ओढूनताणून खरं करून घेतलं होतं. तिसरं सरळ खोटं झालं असतं. आणि मला, देव जाणे का, त्याच क्षणी दिसलं की इथे मी खोटं बोललो तर तू शिकवलेलं सगळंच खोटं होईल.

मी म्हणालो, "इस्पिकची चार पानं, मोठा हात. किलवरचं काही सांगत नाहीत. माझ्याकडे एकच किंवा शून्य पान असलेला रंग कोणता, ते विचारतायत."  मग मी उत्तर ठेवलं, तीन बदाम. ओपांनी ते पाहिलं, चष्मा काढला, पुसला, घातला. मग सहा इस्पिकचा पत्ता ठेवला. त्यांचे बदाम नुसते फुटकळ होते, बाकी सगळं सोनं. बदामाचा एक हात गेला, बारा माझे. सगळा हॉल चार इस्पिकवर थांबला होता.

व्होनी सोडणारी नव्हे. "पंच, ही लपवलेली बोली आहे. यांनी ती कधी ठरवली? कुठे ठरवली?" मी म्हणालो, "आम्ही दोघांनी कधीच ठरवली नाही." "मग तुला स्वप्नात आली?" मी पानं पाकिटात सरकवायला लागलो.  तेव्हा ओपा बोलले, तुम्ही लोक चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं म्हणून बोलता त्या आवाजात. "बाई, ती माझ्या घरातली रीत आहे. माझ्या घरातल्यांना ती ठाऊक असते." फेमी, त्या घराच्या फाटकाच्या आत मी आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही. तुला छत्री द्यायला आलो होतो तेव्हा त्यांनी ती फाटकावरूनच घेतली होती. पंचांनी डोकं खाजवलं, अर्थ विचारल्यावर बरोबर सांगितला म्हणून निकाल कायम ठेवला, आणि आम्हाला पुढच्या वेळी ही बोली आधी जाहीर करायची तंबी दिली. व्होनीने हात मिळवला आणि माझ्या कानाशी म्हणाली, "घरातला म्हणे. जावई कधीपासून झालास?" मी हसलो. हसण्यासारखं होतं म्हणून हसलो.

परत जाताना आयर्मादिदीचा चढ लागला. मला वाटलं, आता विषय येणार, आता तुझा पत्ता मागणार, आणि मी 'नाही' म्हणायची वाक्यं जुळवत होतो. ते म्हणाले, "तेर्नातेला बोटीला किती वेळ लागतो?" "रात्रभर." "तुला कसं ठाऊक?" "माझा बर्फ जातो, ओपा." "हं. बर्फ."  मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला काही सांगू नकोस, न्योंग. मला कळलं की ते रॉयला कळतं. मी म्हातारा आहे, झोपेत बोलतो. सोन्दरच्या कागदावर मीही अजून सही केलेली नाही, कुणाला सांगू नकोस." आणि फाटकाशी उतरताना, ट्रकच्या दाराला धरून, "तिचा हात बरा चालतो ना?" मी म्हणालो, "कुणाचा, ओपा?" ते म्हणाले, "बरोबर. असंच म्हण." आणि काठी न टेकवता आत गेले.

आता तू माझ्यासारखाच विचार कर. मला पत्ता नको असं म्हणणं हीसुद्धा एक बोली असू शकते. चांगला खेळाडू हवं असलेलं पान मागत नाही, ते नको असल्यासारखं करतो. सही केली नाही हे खरं की मला मऊ करायला? मी दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं आणि मला कळत नाही, फेमी. तीस वर्षं लोकांच्या आवाजावरून त्यांची नियत ओळखून मी धंदा केला, आणि या एका माणसापुढे माझे कान बहिरे झाले. खरं कोणतं ते ओळखणारी जगात एकच व्यक्ती आहे, कारण त्यांच्या बोलीला उत्तर द्यायला तीच शिकली होती. मी नाही, मी तर उसनं घेतलेलं.

म्हणून हे पत्र. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आणि रविवारी आम्ही तेर्नातेत आहोत, मशिदीच्या मागच्या शाळेचा मोठा हॉल. रॉय यायचं म्हणत होता, पण त्याला बोट लागते आणि मी विमानाचा विषय काढलेला नाही. तू कुठे आहेस, किती जवळ आहेस, आहेस की नाहीस, हे मी त्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तू आली नाहीस तर त्यांना कधी कळणार नाही की मधे एकच बोट होती, आणि मी परत येऊन बिस्किटं खाईन, तुला एक शब्द बोलणार नाही. पण हॉलचं दार सगळ्यांना उघडं असतं. बघायला येणारे कुणाच्याही पाठीमागे खुर्ची ओढून गप्प बसतात, त्यांना कुणी नाव विचारत नाही, आणि खेळ चालू असताना कुणालाही त्यांच्याशी बोलायची परवानगी नाही, जोडीदाराच्या बापालाही नाही. त्यांना बघून तुला उठून जावंसं वाटलं तर डावाच्या मध्येच उठून जा, मी डोकं वळवणार नाही. आलीस तर त्यांच्या पाठीमागे बसू नकोस. माझ्या पाठीमागे बस. तिथून तुला माझी पानं दिसतील, आणि त्यांना तू.

हलीमला सलाम सांग. आचारी मंगळवारी परत फिरतो, उत्तर पाठवायचं नसलं तरी त्याच्या हाती डबा तेवढा रिकामा पाठव, म्हणजे पत्र पोचल्याचं कळेल.

टेबलावर तूच बसवलेला, तुझाच
नोल्दी